शांत चित्ताने सत्य मांडणारा महापुरुष



आपण बौद्ध आहोत म्हणून आपल्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी प्रश्नांना तोंड द्यावे लागते. एस.टी.च्या थांब्यावर, गावच्या पारावर, कचेरीत, शिक्षकांच्या खोलीत कोणी तरी सहज विचारल्यासारखे विचारतो. बापजाद्यांचा धर्म तुम्ही का सोडलात? सवलतींसाठीच ना? देव मानत नाही, मग बुद्धाच्या मूर्तीपुढे मेणबत्ती का लावता? उत्सवाची वर्गणी मागायला आलेली पोरेसुद्धा हे विचारतात. कधी विचारणारा खरोखर जाणून घेण्यासाठी विचारतो, कधी चारचौघांत आपल्याला खाली पाहायला लावण्यासाठी विचारतो.

अशा वेळी आपले काय होते, याचा प्रामाणिकपणे विचार करा. आपल्यातील काहींचे डोके तापते, आवाज चढतो आणि मूळ प्रश्न बाजूला राहून भांडण सुरू होते. काही जण मान खाली घालून गप्प बसतात किंवा विषय बदलतात. दोन्ही प्रकारांत नुकसान आपलेच होते. भांडणाऱ्याकडे पाहून लोक म्हणतात की याच्याकडे उत्तर नाही. गप्प बसणाऱ्याकडे पाहूनही लोक तेच म्हणतात. आणि शेजारी उभे असलेले आपले मूल हे सारे पाहत असते. आपल्या आईबापांनी स्वीकारलेला धम्म लाजण्यासारखा आहे की अभिमानाने सांगण्यासारखा, हे ते मूल पुस्तकावरून ठरवीत नाही. त्या क्षणी आपला चेहरा पाहून ठरवते.

म्हणून परमपूज्य बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे चरित्र या एका दृष्टीने पुन्हा वाचावे, असे मला वाटते. त्यांच्या पदव्या, त्यांचे लढे, त्यांचे ग्रंथ यांविषयी आपण नेहमी बोलतो. परंतु त्यांचे सारे आयुष्य म्हणजे एक दीर्घ वादसभा होती, हे आपण ध्यानात घेत नाही. आयोगापुढे, न्यायालयात, लंडनच्या परिषदेत, कायदेमंडळात, वृत्तपत्रांत ते बहुधा एकटे असत आणि समोर बहुमत असे. तरी त्यांचा तोल कसा राहिला? हा स्वभावाचा चमत्कार होता की कष्टाने मिळविलेली गोष्ट?

१४ एप्रिल १८९१ रोजी महू येथे जन्मलेला हा सुभेदार रामजी सकपाळांचा मुलगा १९१२ मध्ये मुंबई विद्यापीठाचा पदवीधर झाला आणि १९१३ मध्ये अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. ९ मे १९१६ रोजी प्रा. गोल्डनवायझर यांच्या चर्चावर्गात त्यांनी भारतातील जातींच्या उत्पत्तीवर निबंध वाचला. वय पंचवीस वर्षे. ज्या जातिव्यवस्थेने बालपणी पाण्याच्या घोटासाठी तडफडवले, तिच्याविषयी बोलताना त्यांनी स्वतःची दुःखे सांगितली नाहीत. वैद्याने रोगाचे मूळ शोधावे तसे त्यांनी जातीतल्या जातीत होणाऱ्या विवाहाकडे बोट दाखविले आणि जातीचा उगम तेथे आहे असे मांडले. मनातला दाह कमी नव्हता. परंतु त्या दाहावर त्यांनी अभ्यासाचे झाकण ठेवले होते.

मात्र विद्वत्ता असली म्हणजे वाद आपोआप जिंकता येतो, असेही नाही. १९१७ मध्ये ते बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. राहायला जागा मिळेना म्हणून ते पारशी खानावळीत उतरले. त्यांची जात कळताच लाठ्या घेतलेले लोक दारात येऊन उभे राहिले आणि त्यांना बाहेर पडावे लागले. ज्याच्या हातात लाठी आहे आणि ज्याला ऐकायचेच नाही, त्याच्याशी त्या क्षणी वाद होऊ शकत नाही, हे बाबासाहेबांनी तेथे अनुभवले. त्यांनी ती जागा सोडली, परंतु प्रश्न सोडला नाही. वाचक हो, हा फरक महत्त्वाचा आहे. प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक माणसाशी वाद घातलाच पाहिजे असे नाही. कोठे बोलावे आणि कोठून निघून जावे, हे कळणे हासुद्धा आत्मविश्वासाचाच भाग आहे.

२७ जानेवारी १९१९ रोजी साऊथबरो समितीपुढे त्यांची साक्ष झाली. त्या वेळी ते सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक होते आणि त्यांचे वय सत्तावीस होते. अस्पृश्यांना मताधिकार आणि स्वतःचे प्रतिनिधी का हवेत, हे त्यांना राज्यकर्त्यांपुढे सांगायचे होते. त्यांनी दयेची याचना केली नाही. प्रतिनिधित्व म्हणजे काय, मतदानाच्या अटी कडक ठेवल्या तर अस्पृश्य समाज यादीबाहेर कसा राहतो, दुसऱ्याने आपल्या वतीने बोलणे आणि आपण स्वतः बोलणे यांत अंतर काय, हे त्यांनी मुद्देसूद मांडले. लेखी निवेदन आधी तयार होते. तोंडी प्रश्न आले तेव्हा उत्तर शोधावे लागले नाही. ज्याची तयारी पुरी झालेली असते त्याला ओरडावे लागत नाही.

पुढे लंडनमध्ये एक प्रसंग घडला. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांच्या प्रबंधात ब्रिटिश सरकारच्या चलननीतीवर कठोर टीका होती. परीक्षकांनी तो प्रबंध पुन्हा लिहून आणण्यास सांगितले. बाबासाहेबांनी चिडून प्रबंध फेकून दिला नाही. त्यांनी भाषेची धार थोडी कमी केली, निष्कर्ष मात्र होते तसेच ठेवले आणि प्रबंध पुन्हा सादर केला. १९२३ मध्ये त्यांना डी.एस्सी. ही पदवी मिळाली. शब्द सौम्य करता येतात, सत्य सौम्य करता येत नाही, ही मर्यादा त्यांनी तरुणपणीच आखून घेतली होती. ही मर्यादा लक्षात ठेवा, कारण तेरा वर्षांनी हीच गोष्ट उलट्या बाजूने पुढे येणार आहे.

२० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन करून बाबासाहेबांनी माणुसकीचा हक्क बजावला. त्यानंतर आता हे लोक वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार, अशी अफवा गावात पसरविण्यात आली आणि परतणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ले झाले. बायका, मुले, म्हातारे कोणालाही सोडले नाही. संतापलेले तरुण बाबासाहेबांच्या एका शब्दाची वाट पाहत होते. त्यांत लष्करात राहून आलेले मजबूत गडीही होते. तो शब्द बाबासाहेबांनी दिला नाही. त्यांनी आपल्या माणसांना आवरले. हल्लेखोरांविरुद्ध फिर्याद झाली आणि त्यांतील काहींना शिक्षाही झाल्या.

डिसेंबर १९२७ मध्ये पुन्हा सत्याग्रह करायचे ठरले, तेव्हा तळे खाजगी असल्याचा दावा स्पृश्यांनी न्यायालयात दाखल केला आणि मनाई हुकूम मिळविला. हजारो सत्याग्रही जमले होते. २५ डिसेंबर रोजी मनुस्मृतीचे दहन झाले. परंतु तळ्यावर जाण्याचा बेत बाबासाहेबांनी तहकूब केला आणि लढाई न्यायालयात नेली. अनेकांना तेव्हा ती माघार वाटली असेल. खालच्या कोर्टातून हा दावा मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १७ मार्च १९३७ रोजी अस्पृश्यांच्या बाजूने निकाल लागला. पहिल्या ओंजळीपासून मोजले तर दहा वर्षांना फक्त तीन दिवस कमी होते. आपण पाच मिनिटांत समोरच्याला गप्प करायला पाहतो. बाबासाहेब दहा वर्षे थांबले, कारण आपला मुद्दा खरा असेल तर काळ आपल्या विरुद्ध नाही, अशी त्यांची खात्री होती. घाई त्याला होते, ज्याला आपल्या मुद्द्याचा भरवसा नसतो.

आता आपल्या नाशिक जिल्ह्याकडे वळू. २ मार्च १९३० रोजी नाशिकला काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. कर्मवीर दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो चालविला. रामनवमीच्या रथाच्या दिवशी सत्याग्रहींवर दगडांचा वर्षाव झाला. दरवाजे बंद राहिले, सत्याग्रही तुरुंगात गेले, तरी १९३४ पर्यंत हा लढा धीराने चालू राहिला. इतका काळ शांतपणे विचारलेल्या प्रश्नाला स्पृश्य समाजाने दगडांखेरीज उत्तर दिले नाही. मग त्या उत्तराचा अर्थ बाबासाहेबांनी जगापुढे मांडला.

१३ ऑक्टोबर १९३५ रोजी आमच्या नांदगावच्या शेजारच्या येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली. कोणत्या धर्मात जन्मावे हे माणसाच्या हाती नसते, परंतु त्याच धर्मात मरावे की नाही हे त्याच्या हाती असते, हा त्या घोषणेचा आशय होता. सारा देश हादरला. टीकेचा भडिमार झाला. धर्म हा काही अंगरखा नव्हे की वाटेल तेव्हा बदलावा, अशा अर्थाची टीका महात्मा गांधींनीही केली. दुसरीकडे निरनिराळ्या धर्मांच्या पुढाऱ्यांनी आपल्या धर्मात येण्याची निमंत्रणे पाठविली. आपल्याच समाजातील काही पुढारी विरोधात गेले. सर्वांचा एकच प्रश्न होता. सोडणार ते ठीक, पण जाणार कोठे?

या प्रश्नाचे तयार उत्तर त्या दिवशी बाबासाहेबांनी दिले नाही. सोडायचे हे निश्चित आहे, कोठे जायचे हे विचारपूर्वक ठरवू, अशीच त्यांची भूमिका राहिली. वाचक हो, येथे थोडे थांबा. वादात आपली घाबरगुंडी बहुधा याच ठिकाणी उडते. आपल्याला वाटते की समोरच्याच्या प्रत्येक प्रश्नाला आताच्या आता उत्तर दिले नाही तर आपण हरलो. बाबासाहेबांसारख्या प्रकांड पंडिताने एका प्रश्नाचे उत्तर राखून ठेवले आणि ते शोधण्यासाठी एकवीस वर्षे अभ्यास केला. एखादी गोष्ट मला आज ठाऊक नाही, वाचून सांगतो, असे म्हणणे हा पराभव नव्हे. ठाऊक नसताना ठोकून देणे हा पराभव होय.

येवल्यानंतर ३० आणि ३१ मे १९३६ रोजी मुंबईत दादर येथे महार परिषद भरली. तेथील प्रदीर्घ भाषणात त्यांनी धर्मांतराविरुद्धचे आक्षेप एकेक करून हाती घेतले. धर्मांतराची एक बाजू ऐहिक आणि दुसरी आध्यात्मिक, अशी त्यांनी फोड केली. राजकीय हक्कांचे काय होईल, ही शंकाही टाळली नाही. विरोधकाने विचारण्याआधीच त्याचा सर्वांत कठीण प्रश्न स्वतःला विचारायचा, ही त्यांची पद्धत होती. ज्याने आपल्या घरी बसून स्वतःला तो प्रश्न विचारला आहे, तो चव्हाट्यावर तोच प्रश्न ऐकून दचकत नाही.

त्याच वर्षी लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने त्यांना वार्षिक परिषदेचे अध्यक्ष म्हणून बोलाविले होते. भाषण आधी लिहून पाठविल्यावर मंडळींना त्यातील काही भाग झेपेना. तो भाग वगळावा, असा आग्रह सुरू झाला. बाबासाहेबांनी नकार दिला, परिषद रद्द झाली. आता तेरा वर्षांपूर्वीचा लंडनचा प्रबंध आठवा. तेथे भाषा बदलण्यास त्यांची हरकत नव्हती, कारण निष्कर्ष कायम राहत होता. लाहोरला निष्कर्षावरच घाला येत होता. म्हणून तेथे अध्यक्षपदाचा मान त्यांनी सोडला. न झालेले ते भाषण त्यांनी स्वतःच्या खर्चाने छापले. त्याच्या १५०० प्रती निघाल्या. हेच ते ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’.

पुढची हकीकत अधिक बोधप्रद आहे. गांधीजींनी आपल्या ‘हरिजन’ पत्रात या भाषणावर टीका केली. १९३७ मध्ये दुसरी आवृत्ती काढताना बाबासाहेबांनी गांधीजींची टीका आपल्याच पुस्तकात छापली आणि तिच्याखाली आपले उत्तर दिले. जरा विचार करा. विरोधकाचे म्हणणे आपल्या पैशाने आणि आपल्या पुस्तकात छापण्याचे धैर्य कोणाकडे असते? ज्याला वाचकाच्या बुद्धीवर विश्वास आहे आणि आपले उत्तर त्या टीकेशेजारी उभे राहू शकते अशी खात्री आहे, त्याच्याकडेच. आपण मात्र समोरच्याचे बोलणे मध्येच तोडतो. त्याचे पुरते ऐकून, त्याचे म्हणणे त्यालाही पटेल असे मांडून मग उत्तर देण्याची सवय आपल्याला लागली, तर अर्धे भांडण तेथेच संपेल.

आता आमच्या नांदगाव तालुक्यातील मनमाडची गोष्ट सांगतो. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ रोजी मनमाडला जी.आय.पी. रेल्वेच्या दलित वर्गीय कामगारांची परिषद भरली आणि बाबासाहेब अध्यक्ष होते. त्यांच्यावर तेव्हा एक मोठा आरोप होता. अस्पृश्य कामगारांची निराळी परिषद घेऊन ते कामगारांच्या एकजुटीत फूट पाडतात, असे कामगार चळवळीतील पुढारी म्हणत असत. आरोप गंभीर होता आणि तो करणारे सर्वच लोक शत्रू नव्हते.

बाबासाहेबांनी आरोप करणाऱ्यांना शिव्या दिल्या नाहीत. त्यांनी कामगारांच्या रोजच्या अनुभवातला पुरावा पुढे ठेवला. कापडगिरण्यांच्या विणकाम खात्यात मजुरी अधिक, परंतु तेथे अस्पृश्याला प्रवेश नाही, कारण धाग्याला तोंड लावावे लागते आणि विटाळ होतो. रेल्वेत अस्पृश्य बहुतेक गँगमन म्हणून राबतो, वरच्या जागा त्याला मिळत नाहीत. ही फूट कोणी पाडली, हा प्रश्न मग श्रोत्यांनाच पडला. या देशातील कामगारांना ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही अशा दोन शत्रूंशी लढावे लागेल, असा सिद्धान्त त्यांनी तेथे मांडला. आणि लगेच खुलासा केला की ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जातीतील माणसे नव्हेत. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता नाकारणारी वृत्ती म्हणजे ब्राह्मणशाही, मग ती कोणत्याही जातीत असो.

मनमाडचा हा खुलासा आपण पाठ करून ठेवावा असा आहे. आपला विरोध एका विचाराला आहे, समोर बसलेल्या माणसाला नाही. आपल्यापैकी काही उत्साही तरुण हा भेद विसरतात, समोरच्याची जात काढतात, आणि ज्या रोगाविरुद्ध बोलायला उभे राहिले त्याच रोगाचे लक्षण स्वतः दाखवितात. समोरच्याची जात काढली की आपण बाबासाहेबांचे मत मांडत नसतो.

यानंतरची वादसभा देशातील सर्वांत मोठी होती. बाबासाहेब बंगालमधून घटना समितीवर निवडून गेले होते. सभागृहात काँग्रेसचे प्रचंड बहुमत होते आणि बाबासाहेब तर काँग्रेसचे कडवे टीकाकार. पंडित नेहरूंनी मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावावर चर्चा चालू होती. मुस्लिम लीग गैरहजर असल्याने निर्णय लांबणीवर टाकावा, अशी सूचना बॅ. जयकरांनी मांडली आणि ती सभागृहाला मुळीच रुचली नव्हती. १७ डिसेंबर १९४६ रोजी अध्यक्ष डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी बाबासाहेबांना अनपेक्षितपणे बोलण्यास पाचारण केले. जयकरांचीच बाजू घ्यायची होती आणि श्रोते नाराज होते.

बाबासाहेबांनी मतभेदापासून सुरुवात केली नाही. देश आज निरनिराळ्या छावण्यांत विभागला असला तरी उद्या तो एक होणार, यावर आपला विश्वास असल्याचे त्यांनी आधी सांगितले. सर्वांना मान्य असलेली जमीन त्यांनी प्रथम पायाखाली घेतली. मग ठरावातील उणिवा दाखविल्या, आणि एखाद्या समाजाला मागे टाकून, बळाने प्रश्न सोडविण्याचे परिणाम काय होतात याचा इशारा दिला. टीका ऐकण्याच्या तयारीने बसलेल्या सभासदांनी त्या भाषणाचे स्वागत केले. काही महिन्यांनी फाळणीमुळे त्यांची बंगालमधील जागा गेली, तेव्हा काँग्रेसनेच त्यांना मुंबईतून निवडून आणले आणि २९ ऑगस्ट १९४७ रोजी नेमलेल्या मसुदा समितीचे ते अध्यक्ष झाले. एका भाषणाने हे सारे घडले असे मी म्हणणार नाही. परंतु विरोधकांच्या सभागृहात त्या दिवशी त्यांनी जो विश्वास कमावला, तो वाया गेला नाही.

घटनेच्या मसुद्यावर ७,६३५ दुरुस्त्या सुचविल्या गेल्या आणि त्यांपैकी २,४७३ सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेल्या. मधुमेहाने पोखरलेले शरीर घेऊन बाबासाहेब त्यांना उत्तरे देत होते. पटली ती दुरुस्ती स्वीकारीत, न पटली तिचे कारण सांगत. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी समारोपाच्या भाषणात त्यांनी कोणाचे आभार मानले पाहा. ज्यांनी सतत विरोध केला, त्या कामत, पंजाबराव देशमुख, के. टी. शहा, कुंझरू प्रभृती सभासदांचे त्यांनी नावे घेऊन आभार मानले. या मंडळींनी आक्षेप घेतले नसते तर घटनेमागची तत्त्वे उलगडून सांगण्याची संधी मिळाली नसती, अशी त्यांची भावना होती. प्रश्न विचारणारा माणूस आपल्याला बोलण्याची संधी देतो. ही एक गोष्ट मनात ठसली तर प्रश्न ऐकून कपाळावर आठी पडणार नाही.

मग बाबासाहेब कधी रागावतच नसत काय? तसे सांगणे खोटे ठरेल. त्यांची जीभ तिखट होती आणि मनही कोमल होते. हिंदू कोड बिल रखडविले गेले तेव्हा २७ सप्टेंबर १९५१ रोजी त्यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. संसदेत निवेदन करायला उभे राहिले असता त्याची प्रत आधी मागण्यात आली, तेव्हा ते सभागृहातून बाहेर पडले आणि निवेदन वृत्तपत्रांच्या हाती दिले. २ सप्टेंबर १९५३ रोजी राज्यसभेत आंध्र राज्याच्या विधेयकावर बोलताना, ही घटना जाळायला मीच पहिला पुढे येईन, अशा अर्थाचे उद्गार त्यांच्या तोंडून निघाले. आजही विरोधक हे उद्गार आपल्या तोंडावर फेकतात.

परंतु गोष्ट तेथे संपत नाही. १९ मार्च १९५५ रोजी त्याच सभागृहात त्यांना याविषयी विचारले गेले, तेव्हा त्यांनी ते टाळले नाही आणि नाकारलेही नाही. देवासाठी मंदिर बांधावे आणि देव बसण्याआधीच त्यात राक्षसाने ठाण मांडावे, तर बांधणाऱ्याने काय करावे, अशा दृष्टान्ताने त्यांनी आपली वेदना समजावून दिली. शांत राहणे म्हणजे संताप नसणे नव्हे. अन्याय पाहून ज्याला संताप येत नाही तो मेलेला आहे. परंतु संतापाच्या भरात निघालेल्या शब्दामागचे कारण नंतर शांतपणे सांगण्याची जबाबदारी बाबासाहेबांनी घेतली. विरोधक पहिला प्रसंग सांगतील, दुसरा आपण सांगितला पाहिजे. त्यासाठी तो आपल्याला ठाऊक हवा.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर महास्थविर चंद्रमणी यांच्याकडून त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि मग लाखो अनुयायांना बावीस प्रतिज्ञा देऊन दीक्षा दिली. येवल्याच्या घोषणेला एकवीस वर्षे आणि एक दिवस झाला होता. आदल्या संध्याकाळी वार्ताहरांनी त्यांना टोकदार प्रश्न विचारले होते. बौद्ध धम्म याच भूमीत जन्मला आहे, या देशाच्या संस्कृतीला धक्का लागणार नाही असाच मार्ग आपण निवडला आहे, असे त्यांनी स्पष्ट केले. १५ ऑक्टोबरच्या भाषणात, नागपूरच का निवडले या शंकेचे निरसन त्यांनी नाग लोकांच्या बौद्ध इतिहासाचा आधार देऊन केले. मेलेली गुरे ओढणे सोडल्याने अस्पृश्यांचे वर्षाला पाचशे रुपयांचे नुकसान होते, असा हिशेब पूर्वी कोणी वृत्तपत्रात मांडला होता. त्याचाही त्यांनी समाचार घेतला. एवढा फायदा असेल तर हे काम तुम्हीच घ्या, वर पाचशे रुपये मी देतो, अशा आशयाचे त्यांचे उत्तर होते. श्रोते हसले आणि मुद्दा कायमचा मनात बसला. सहा डिसेंबरला त्यांचे महापरिनिर्वाण झाले, त्याच्या तीन आठवडेही आधी नव्हे, २० नोव्हेंबर रोजी, ते काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेत बुद्ध आणि कार्ल मार्क्स यांची तुलना शांतपणे मांडत होते.

ही शांती केवळ बॅरिस्टराच्या अभ्यासातून आली नव्हती. ज्या तथागतांना त्यांनी गुरू मानले, त्यांचीच ही शिकवण आहे. दीघनिकायातील पहिल्याच सुत्तात प्रसंग आहे. सुप्रिय नावाचा परिव्राजक बुद्ध, धम्म आणि संघ यांची निंदा करीत चालला होता. भगवंतांनी भिक्खूंना बजावले की निंदा ऐकून रागावू नका. रागावलात तर समोरचा खरे बोलतो की खोटे, हेच तुम्हाला कळणार नाही. जे खोटे असेल ते खोटे का आहे, तेवढे समजावून सांगा. कोणी स्तुती केली तरी हुरळून जाऊ नका, असेही त्यांनी सांगितले. नालंदेचा उपाली गृहपती तर बुद्धांना वादात हरवायला आला आणि त्यांचा उपासक होऊन गेला. परंतु तो अनुसरण्यास तयार झाला तेव्हा भगवंतांनी त्याला घाई केली नाही. नीट विचार कर असे सांगितले आणि आपल्या जुन्या गुरूंना भिक्षा देणे थांबवू नकोस, असेही सांगितले. जिंकल्यावर हरलेल्याचा मान राखणारा असा वाद जगात दुसरीकडे विरळाच.

तेव्हा आता आपल्या प्रश्नांकडे परत येऊ. सवलतींसाठी धर्म बदलला, असे कोणी म्हटले तर चिडू नका, वर्षे सांगा. १९५६ मध्ये ज्यांनी दीक्षा घेतली त्यांच्या केंद्र सरकारच्या अनुसूचित जातीच्या सवलती धर्मांतरामुळे गेल्या. महाराष्ट्र शासनाने राज्यापुरत्या सवलती दिल्या, परंतु केंद्राने बौद्धांना त्या यादीत घेतले ते १९९० साली. मध्ये चौतीस वर्षे गेली. तोटा समजून-उमजून ज्यांनी धम्म धरला त्यांना लोभी कसे म्हणता येईल? एवढे सांगावे आणि थांबावे. मेणबत्तीविषयी विचारले तर सांगावे की आम्ही तेथे काही मागत नाही. ज्याने वाट दाखविली त्याचे स्मरण करतो. आणि आपल्यापैकी कोणी खरोखरच नवस बोलत असेल, तर प्रश्न विचारणाऱ्यावर न रागावता आधी आपले घर पाहावे.

घरातला वाद सर्वांत अवघड असतो. आजीच्या मनातून मरीआई जात नाही, सासरच्या एखाद्या वडीलधाऱ्याला जत्रा सुटत नाही. तेथे बावीस प्रतिज्ञांचा कागद तोंडावर फेकून धम्म पोचत नाही. तिने उपाशी राहून आपल्याला शिकविले, हे आधी आठवावे. तिच्याशी बोलताना आवाज चढला तर आपण वाद जिंकू आणि आजी गमावू. बाबासाहेबांनी एकवीस वर्षे घेतली, आजीला एकवीस महिने द्यायला काय हरकत आहे?

मुलांना मात्र आजपासून तयार करावे. विहारात आठवड्यातून एक दिवस प्रश्नांचा ठेवावा. एकाने विरोधकाची बाजू मांडावी आणि ती मनापासून मांडावी. दुसऱ्याने उत्तर द्यावे. जो चिडेल त्याला खाली बसवावे. ज्याला उत्तर येणार नाही त्याने तसे सांगावे आणि पुढच्या आठवड्यात वाचून यावे. नुसत्या जयघोषाने मुलांना चव्हाट्यावर उभे राहता येणार नाही. जयघोष आपला आहेच, पण घोषाच्या मागे ग्रंथ हवा.

बाबासाहेबांचा आवाज आज आपल्या कानी पडत नाही. त्यांचा धम्म काय आहे हे शेजाऱ्याला कळते ते आपल्या बोलण्यावरून. म्हणून उद्या कोणी प्रश्न विचारील तेव्हा क्षणभर श्वासाकडे लक्ष द्या, त्याचे पुरते ऐका, जेवढे ठाऊक आहे तेवढे स्पष्ट सांगा, आणि निरोप घेताना हात जोडा. उत्तर पटले की नाही, हे त्याला घरी जाऊन ठरवू द्या.

जयभीम! जय बुद्ध!